बटन दाबलं, पण ते पोचलं कुठे?

"सर, बटन चालत नाही."

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे दिवस आले, की प्रयोगशाळेत हे वाक्य रोज एकदा तरी ऐकू येतं. त्या दिवशी ते म्हणणारी मुलगी अलिबागजवळच्या कोळीवाड्यातून येणारी होती. तिच्या गटाने टेबलावर मावेल एवढी क्रेन केली होती. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा, दोन मोटारी, टोकाला उघडमीट करणारा पंजा आणि चालवायला व्हिडिओ गेमची साधी यूएसबी जॉयस्टिक. दांडा हलवला की क्रेन सरकायची. पंजाचं बटन मात्र मनाला येईल तसं वागत होतं.

"अजिबात चालत नाही, की कधी कधी चालत नाही?" मी विचारलं.

तिने जरा विचार केला. "पाचदा दाबलं की एकदा चालतं, सर."

हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा फार मोलाचं. "चालत नाही" ही तक्रार झाली. "पाचदा दाबलं की एकदा" हे मोजमाप आहे. पुढच्या दोन तासांत आम्हाला जे सापडलं, त्याचं निम्मं उत्तर त्या मोजमापातच होतं. ते वाचता यायला जरा वेळ लागला, इतकंच.

क्रेनची कल्पना या मुलांना सुचली यात नवल नाही. रायगडच्या किनाऱ्यावर उत्तरेला उरण तालुक्यात न्हावा शेवा बंदर आहे. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झालं. तिथल्या धक्क्यावरच्या उंच क्रेनमध्ये चालक काचेच्या तळाच्या केबिनमध्ये बसतो आणि पायाखाली बघत जहाजावरचा कंटेनर उचलतो. त्याच्या दोन्ही हातांशी जॉयस्टिक असतात. कंटेनरच्या चार कोपऱ्यांत क्रेनच्या चौकटीचे चार खटके शिरतात आणि नव्वद अंशांत वळून घट्ट बसतात. ते वळवण्याचा हुकूमही बटनानेच द्यायचा. भरलेल्या कंटेनरचं वजन तीस टनांच्या घरात जाऊ शकतं. तिथे "पाचदा दाबलं की एकदा" चालणार नाही. म्हणून टेबलावरच्या क्रेनचा हा प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही.

या मुलांनी प्रोग्रॅम लिहिला नव्हता, काढला होता. लॅबव्ह्यू या चित्रभाषेत. अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने ती १९८६ मध्ये बाजारात आणली; जेफ कोडोस्की हे तिचे प्रमुख कर्ते. इथे ओळींखाली ओळी लिहायच्या नसतात. एका खिडकीत बटनं, दिवे, तबकड्या मांडायच्या. त्या खिडकीला फ्रंट पॅनेल म्हणतात. दुसऱ्या खिडकीत म्हणजे ब्लॉक डायग्राममध्ये ठोकळे ठेवायचे आणि ते रंगीत वायरींनी जोडायचे. पूर्णांकांची वायर निळी, अपूर्णांकांची नारिंगी, हो-नाहीची हिरवी. एखाद्या ठोकळ्याला लागणारी सगळी माहिती त्याच्या दाराशी आली, की तो चालतो, तोवर थांबतो. २०२० पासून घरगुती, बिगरव्यापारी वापरासाठी तिची मोफत आवृत्तीही मिळते. पुढे जे सांगणार आहे ते मात्र या एका भाषेपुरतं नाही. ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याच्या कुठल्याही वातावरणाला ते लागू पडतं.

बटनापासून पंजापर्यंत निरोप जातो कसा, ते आधी पाहू. बोट बटन दाबतं. आतले दोन संपर्क टेकतात. जॉयस्टिकमधली चिप ते टिपते. संगणक ठरावीक अंतराने तिला विचारतो, "काही नवीन?" आणि ती आपली स्थिती यूएसबीवरून कळवते. ऑपरेटिंग सिस्टीम ती जपून ठेवते. प्रोग्रॅममधला वाचणारा ठोकळा तिथून ती उचलतो. मग वायरीवरून ती तर्काच्या ठोकळ्यांकडे जाते आणि तिथून मोटारीकडे. सहा-सात हात बदलल्यावर निरोप पोचतो. दोष शोधायचा म्हणजे या साखळीच्या मधोमध उभं राहून विचारायचं, "इथपर्यंत आलं का?" आलं असेल तर मागचा सगळा भाग निर्दोष, नसेल तर पुढच्याकडे बघायचंच नाही. एका प्रश्नात अर्धी साखळी बाद होते.

विंडोजमध्ये हा मधला मुक्काम आयताच मिळतो. स्टार्टमध्ये "गेम कंट्रोलर्स" शोधलं की एक जुनाट दिसणारी खिडकी उघडते. तीत जोडलेल्या जॉयस्टिकची बटनं तांबड्या ठिपक्यांनी दिसतात. बटन दाबलं की ठिपका उजळतो. लॅबव्ह्यू बंद ठेवून आधी हे बघावं. इथे ठिपका उजळत नसेल, तर प्रोग्रॅममध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही.

ठिपका पेटत नसेल, तर आपल्या किनाऱ्यावर पहिला संशयित ठरलेला आहे: खारी हवा. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे घरोघरी माहीत आहे. धातू, ओल आणि क्षार एकत्र आले की तीच जातकुळी. बटनाच्या आतल्या तांब्या-पितळेच्या संपर्कावर हिरवट थर चढतो आणि वीज जायला वाट उरत नाही. स्वस्त जॉयस्टिकमध्ये रबरी टोपीखाली काळी कार्बनची गोळी असते. तिच्यावर दमट धूळ बसली, की बटन जोरात दाबल्यावरच लागतं. उपाय सोपा: सुटं करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, पूर्ण सुकू द्यायचं आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणाच्या डब्यात ठेवायचं. भिजलेला मोबाईल तांदळात पुरण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. पाणी सुकलं तरी मीठ तिथेच राहतं, वर तांदळाची भुकटी आत जाते.

आमच्या जॉयस्टिकचा ठिपका मात्र दर वेळी उजळला. दहापैकी दहा. म्हणजे बोटापासून विंडोजपर्यंतची वाट स्वच्छ होती. दोष पुढे होता.

पुढचा मुक्काम नावांचा आणि क्रमांकांचा. लॅबव्ह्यूत जॉयस्टिकसाठी तीन ठोकळे लागतात: एक उपकरण उघडणारा, एक त्याची स्थिती वाचणारा, एक शेवटी बंद करणारा. उघडणाऱ्याला उपकरणाचा क्रमांक द्यावा लागतो आणि मोजणी शून्यापासून होते. संगणकाला दोन जॉयस्टिक जोडलेल्या असतील, तर आपण एक दाबतो आणि प्रोग्रॅम दुसरीकडे बघत बसतो. असंच बटनांचं. प्लॅस्टिकवर छापलेलं "१" प्रोग्रॅमच्या यादीत शून्याव्या जागी असू शकतं. छापील आकड्यांवर विश्वास न ठेवता एकेक बटन दाबून कोणता दिवा लागतो ते कागदावर लिहून काढावं. पाच मिनिटांचं काम आहे.

या टप्प्यावर आणखी दोन चकवे आहेत. बोटाने चारी दिशांना दाबायचा जो चौफुला असतो, तो दिसतो बटनांसारखा, पण बटनांच्या यादीत बहुधा सापडत नाही. तो दिशा म्हणून, अंशांच्या रूपात येतो: वर म्हणजे शून्य, उजवीकडे नव्वद. दुसरा चकवा एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचा. विंडोजच्या जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीने वाचलं, तर त्याचे पुढचे दोन ट्रिगर बटनं म्हणून तर दिसत नाहीतच, पण दोघांना मिळून एकच अक्ष असतो. एक दाबला की आकडा एका बाजूला जातो, दुसरा दाबला की उलट बाजूला. दोन्ही सारखे दाबले, की आकडा मधोमध, जणू कोणी काही दाबलंच नाही. हा दोष नव्हे, ठरवलेली रचना आहे. माहीत नसेल तर मात्र आख्खी दुपार खाते.

आमच्या मुलांनी क्रमांक नीट तपासले होते. मग पाळी आली वायरींची.

चित्रभाषेतली सगळ्यात नेहमीची चूक इथेच होते. सतत चालणारं काम व्हाइल लूपच्या चौकटीत ठेवतात. चौकटीबाहेरून वायर आत येते तिथे कडेवर एक लहान चौकोन उमटतो. त्याला टनेल म्हणतात. हे दार लूप सुरू होताना एकदाच उघडतं. जॉयस्टिक वाचणारा ठोकळा चौकटीबाहेर राहिला, तर स्थिती एकदाच वाचली जाते आणि लूप हजार वेळा फिरला तरी आत तीच शिळी बातमी फिरत राहते. सकाळी ओहोटी होती म्हणून दुपारी बेधडक चालत अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे निघावं आणि पाणी कमरेला लागावं, तसा हा प्रकार. सकाळची ओहोटी खरी होती, पण ती सकाळचीच. म्हणून नियम असा: उघडणारा ठोकळा लूपच्या आधी, वाचणारा लूपच्या आत, बंद करणारा लूपनंतर.

मुलांची रचना इथेही बरोबर होती. मग लूप फिरायला किती वेळ घेतो ते मोजलं. आकडा आला जवळपास ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद. त्याच लूपमध्ये त्यांनी मोटारीला हुकूम पाठवून तिच्या उत्तराची वाट बघणारा ठोकळाही ठेवला होता. मोटार उत्तर देईपर्यंत सगळा लूप थबकून राहायचा.

माणूस बटन टिचकी मारल्यासारखं दाबतो तेव्हा ते सुमारे १०० मिलिसेकंद खाली असतं. प्रोग्रॅम दर ५०० मिलिसेकंदांनी एकदा डोळे उघडतो. त्याच क्षणी बटन खाली असण्याची शक्यता पाचांत एक. "पाचदा दाबलं की एकदा चालतं, सर." तिचं मोजमाप आता वाचता आलं.

समुद्राकाठी राहणाऱ्याला ही गोष्ट नवी वाटू नये. रोज पहाटे सहालाच किनाऱ्यावर जाणाऱ्या पाहुण्याला वाटेल, पाणी पंधरवड्यातून एकदाच चढतं-उतरतं. आज भरती, उद्या थोडं कमी, आठवड्याने ओहोटी. प्रत्यक्षात पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. रोज एकाच वेळी बघितल्यामुळे खरी लय हरवते आणि नसलेली, संथ लय दिसू लागते. कोळी मात्र तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. चतुर्थीला तीनच्या सुमाराला. त्याला लय ठाऊक असते, म्हणून तो बरोबर वेळी बघतो. मोजमापाच्या शास्त्रात हाच नियम आहे: जे टिपायचं, त्याच्या वेगापेक्षा आपलं बघणं पुरेसं जलद हवं.

जलद म्हणजे किती? बटनासाठी २० मिलिसेकंद भरपूर झाले, म्हणजे सेकंदात पन्नास वेळा. त्याहून जलद विचारून फारसा लाभ नाही, कारण साध्या यूएसबी जॉयस्टिकलाच संगणक ८ ते १० मिलिसेकंदांनी एकदा विचारतो. लूपमध्ये थांबण्याचा ठोकळा अजिबात नसणं ही उलटी चूक. तो लूप प्रोसेसरचा एक गाभा उगाचच राबवत राहतो.

उपाय ठरला. लूप दोन केले. पहिल्याने दर २० मिलिसेकंदांनी फक्त बटन बघायचं आणि काही घडलं तर रांगेत चिठ्ठी टाकायची. दुसऱ्याने रांगेतून चिठ्ठी उचलून मोटारीशी सावकाश बोलायचं. एकाच्या थांबण्याने दुसरा अडत नाही. या रचनेला उत्पादक-ग्राहक असं नाव आहे.

मुलांनी मोठ्या उत्साहाने बटन दाबलं. पंजा उघडला, मिटला, उघडला, मिटला, उघडला. एका दाबण्यात पाच वेळा.

इथे पुष्कळ जण निराश होतात आणि आधीची दुरुस्तीच मागे घेतात. खरं तर आधीच्या दोषाआड लपलेला दुसरा दोष आता उजेडात आला होता. जॉयस्टिक आपल्याला घटना सांगत नाही, स्थिती सांगते. "बटन आत्ता दाबलं गेलं" असं ती म्हणत नाही. "बटन आत्ता खाली आहे" असं म्हणते. १०० मिलिसेकंदांत आपण पाच वेळा विचारलं, तिने पाच वेळा खरं उत्तर दिलं. पाच चिठ्ठ्या रांगेत पडल्या आणि पंजाने प्रत्येक चिठ्ठीचं पालन केलं. दाबणं थोडं लांबलं आणि उत्तरं सम संख्येची झाली, तर पंजा शेवटी होता त्याच जागी यायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, काही झालंच नाही.

लॅबव्ह्यूच्या फ्रंट पॅनेलवरच्या चित्रातल्या बटनांना हा त्रास होत नाही. त्यांच्या वागण्याचे सहा प्रकार आधीच दिलेले असतात. काही दाबल्यावर बदललेले राहतात, काही एकदा वाचले की आपोआप पूर्ववत होतात. हे सोपस्कार फक्त पडद्यावरच्या बटनांना. खऱ्या जॉयस्टिकच्या बटनाला ते लागू नाहीत, आणि पडद्यावरचे क्लिक टिपणाऱ्या इव्हेंट स्ट्रक्चरलाही जॉयस्टिक आपणहून काही कळवत नाही. तिथे स्थितीतून घटना आपणच घडवायची असते.

त्यासाठी मागची आठवण लागते. लूपच्या कडेला शिफ्ट रजिस्टर लावलं, की या फेरीची किंमत पुढच्या फेरीला मिळते. मग अट एवढीच: मागच्या वेळी बटन वर होतं आणि आत्ता खाली आहे, तरच चिठ्ठी टाका. दोन लहान ठोकळे आणि एक वायर. पंजा एका दाबण्यात एकदाच हलू लागला.

घरी सर्किट जोडून बटन वाचणाऱ्यांना इथे आणखी एक पायरी चढावी लागते. धातूचे संपर्क टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात. जमिनीवर टाकलेली गोटी लगेच स्थिर होत नाही, तसंच. त्या थरथरीत बटन अनेकदा दाबल्यासारखं दिसतं. म्हणून नवी स्थिती २०-३० मिलिसेकंद टिकली तरच ती मानायची. तयार यूएसबी जॉयस्टिकमध्ये ही काळजी बहुधा आतली चिपच घेते, पण बटन झिजलं की थरथर तिच्या हिशेबाबाहेर जाते.

दोष शोधताना मुलांनी एक साधन वापरलं होतं, त्याची सावधगिरीही सांगायला हवी. ब्लॉक डायग्रामवर बल्बचं चिन्ह असतं. ते लावलं की वायरींवरून माहितीचे ठिपके धावताना दिसतात. शिकायला हे फार सुंदर आहे. मात्र त्याने प्रोग्रॅम मुंगीच्या पावलांनी चालतो आणि वेळेशी निगडित दोष हमखास वेगळा दिसतो. बल्ब लावून बघितलं तेव्हा आमचं बटन दहांतून एकदाही पकडलं गेलं नव्हतं. वेळेचा संशय असेल तेव्हा बल्ब विझवावा आणि फेऱ्या मोजणारा एक आकडा पॅनेलवर ठेवावा.

पंजा नीट चालला, तरी तासाभराने एक घोळ उरलाच. मोठी मोटार सुरू झाली की मधूनच जॉयस्टिक गायब व्हायची. यूएसबीवरच्या प्रत्येक निरोपासोबत पडताळणीचा आकडा असतो. गोंगाटाने निरोप बिघडला तर तो टाकून दिला जातो, चुकीचं बटन म्हणून खपत नाही. पण गोंगाट फारच झाला की जोडणीच तुटते. जॉयस्टिक पुन्हा जोडली गेली, तरी प्रोग्रॅमच्या हातात जुनी ओळख राहते आणि ती आता कुणाचीच नसते. म्हणून वाचणाऱ्या ठोकळ्याची चूक कळवणारी वायर मोकळी सोडू नये. चूक आली की मोटारी थांबवायच्या, उपकरण नव्याने उघडायचं. मोठ्या क्रेनमध्येही हाच शिरस्ता असतो: दांडा मधल्या जागी आणल्याशिवाय हालचाल पुन्हा सुरू होत नाही आणि दोरांवर वजन असताना खटके उघडत नाहीत. संपर्क तुटल्यावर यंत्राने काय करायचं, हे तुटण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.

मोटारीचा गोंगाट प्रोग्रॅममध्ये गाळत बसावं, असं एकाचं म्हणणं पडलं. मी त्यांना खिडकीतून हात करून अलिबागची वेधशाळा दाखवल्यासारखं केलं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागलं. ट्रामच्या विजेने सूक्ष्म चुंबकसूया थरथरल्या असत्या, आणि पृथ्वीची हालचाल कोणती व ट्रामची कोणती हे कुणालाच सांगता आलं नसतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस. त्यांच्या काळात, १९०४ साली, चुंबकीय नोंदींचं काम खाडीपलीकडे अलिबागला आलं. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. गोंगाट येण्याआधीच उपकरण त्याच्यापासून दूर गेलं होतं.

त्याहून शिकण्यासारखी गोष्ट पुढची. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि त्या ताडून पाहिल्या. त्यामुळे जुनी मालिका आणि नवी मालिका एकमेकींना जोडता आली. आज ती वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि त्या संस्थेचं मुख्यालयही रायगडातच, नवीन पनवेलला.

आमच्या टेबलावर याचं रूप अगदी लहान होतं. जॉयस्टिकची वायर मोटारीच्या वायरींपासून दूर घेतली, मोटारींना वेगळा वीजपुरवठा दिला. मग दुसरी, खात्रीची जॉयस्टिक आणून दोन्ही शेजारी शेजारी जोडल्या आणि तासभर त्यांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या. दोन्ही सारख्याच वागल्या. मग कुठे मुलांनी पहिल्या जॉयस्टिकवरचा आरोप मागे घेतला.

महिन्याभराने प्रकल्पाचा अहवाल आला. "आलेल्या अडचणी" या पानावर बहुतेक गट "हार्डवेअर सदोष होते" असं एक वाक्य लिहून मोकळे होतात. या मुलीने लिहिलं होतं: "बटन १० पैकी १० वेळा चालत होते. आमचा प्रोग्रॅम दर ५०० मिलिसेकंदांनी एकदाच बघत होता."